रिकामा गोठा, फुलांचा वाफा : आधी पाण्याला वाट द्या



अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगरच्या आसपासच्या गावांतून हिंडताना आता बऱ्याच घरांमागे एक गोष्ट दिसते. गोठा आहे, गव्हाण आहे, दावणीचे खुंटेही आहेत. पण गुरे नाहीत. नांगरटीला ट्रॅक्टर नाहीतर पॉवर टिलर येतो, चरायला माळ उरला नाही, घरातली मुले कामाला कारखान्यात नाहीतर लोकलने मुंबईकडे जातात. मग गोठ्यात जळाऊ लाकडे, मोडकी सायकल आणि फुटके माठ साठतात. अशा जागेत चार फुलझाडे लावली तर घरच्या देवाला फुले होतात आणि वर दोन पैसेही मिळतात. कल्याण आणि दादरचे फुलबाजार काही लांब नाहीत, आणि गजऱ्याला तर बदलापूर-अंबरनाथच्या स्टेशनाबाहेरसुद्धा गिऱ्हाईक आहे.

विचार चांगला आहे. पण गोठ्याचा वाफा करताना बहुतेक जण मातीचा, खताचा आणि रोपांचा विचार करतात. पाण्याचा करत नाहीत. आणि हे वाफे मरतात ते बहुधा पाण्यानेच. म्हणून या पत्रकात बाकीचे थोडक्यात आणि निचऱ्याचे सविस्तर सांगितले आहे.

एक चूक, माझीच

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट आहे. बदलापूरजवळच्या एका गावात एका काकूंनी दोन्ही म्हशी विकल्या आणि गोठ्याच्या जागी मोगरा लावायचे ठरवले. मला सल्ला विचारला. मी पुस्तकात वाचलेले सांगितले : "खाली वीतभर खडी टाका, वर माती आणि शेणखत भरा. खडीमुळे निचरा होईल." काकूंनी तसेच केले. खाली गोठ्याचा जुना सिमेंटचा कोबा होता, चारी बाजूंना दीड-दोन फुटांची भिंत होती. मी ते पाहिले होते, पण पाणी खडीतून पुढे कुठे जाणार, हा प्रश्न मला सुचला नाही.

पंधरा रोपे लावली. जूनमध्ये छान फुटली. जुलैच्या शेवटी गेलो तर पाने पिवळी आणि शेंडे माना टाकलेले. एक रोप उपटून पाहिले, तर मुळे काळी आणि कुजका वास. हात खाली घातला, तर खडी पाण्यात बुडालेली. काकू रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "साहेब, आमच्या खाचरात भात बुडत नाही, आणि तुमचा मोगरा घरामागे बुडाला."

त्या एका वाक्यात मी जे शिकलो, तेच आज तुम्हाला सांगतो आहे.

खाचराची रीत इथे उलटी

आपण भातकरी माणसे. पाणी कसे धरायचे ते आपल्याला कोणी शिकवायला नको. खाचरात चिखलणी करतो, त्याने वरची माती लोण्यासारखी होते आणि खाली घट्ट थर बसतो. बांध घालतो, खांडी बुजवतो. पाणी थांबले की भात खूश. भाताच्या मुळांपर्यंत वरच्या पानांतून हवा पोहोचते, म्हणून भात पाण्यात उभा राहू शकतो.

मोगरा, झेंडू, अबोली, शेवंती यांना ती सोय नाही. त्यांच्या मुळांना हवा मातीच्या पोकळ्यांतूनच मिळते. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळे गुदमरतात. दोन-तीन दिवस पाणी हटले नाही की मुळे मरू लागतात, मग कुजवणारी बुरशी शिरते. झाड वरून सुकलेले दिसते. आपण म्हणतो तहानले, आणि आणखी एक कळशी ओततो. बुडणाऱ्याला पाणी पाजावे, तशातला प्रकार.

आता जुन्या गोठ्याकडे पाहा. खाली कोबा किंवा दगडी फरसबंदी, वर्षानुवर्षे गुरांच्या पायाखाली दबलेली जमीन, बाजूला गव्हाणीची भिंत. म्हणजे घरामागे बांधलेले पक्के खाचरच की! भाताला जे चांगले ते सगळे तिथे आहे, आणि फुलांना ते सगळे नको आहे.

पाणी किती येते, याचा हिशोब

समजा गोठा २० फूट लांब आणि १२ फूट रुंद आहे. म्हणजे २४० चौरस फूट. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि आपल्याकडे जुलैत असा दिवस काही नवलाचा नाही, तर एवढ्या जागेवर सुमारे २,२०० लिटर पाणी पडते. दोनशे लिटरची अकरा पिंपे! घराच्या छपराची मागची पाखी तेवढीच मोठी असेल आणि तिच्या पागोळ्या वाफ्यात पडत असतील, तर आणखी अकरा पिंपे.

आपल्या भागात पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. छपराचे सोडून नुसत्या वाफ्यावरच तो पडला, तर हंगामात सुमारे ५५ हजार लिटर झाले. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि इकडे उल्हास नदीने काठच्या वस्त्या बुडवल्या, ते तुम्ही विसरला नसाल. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, तेही आठवत असेल. असा पूर आला तर कोणताच वाफा वाचत नाही, तो भाग वेगळा. पण रोजच्या जुलैच्या पावसातून वाफा वाचवणे आपल्या हातात आहे.

नुसत्या खडीने निचरा का होत नाही?

ही समजूत फार पसरलेली आहे, म्हणून जरा नीट समजून घेऊ.

गोधडी धुऊन दोरीवर टाका. आधी पाणी भराभर निथळते. मग थांबते. पण खालचा काठ हाताने दाबून पाहा, तो गच्च ओला असतो. पाणी खाली हवेत पडायला मोकळे आहे, तरी कापड ते धरून ठेवते. मातीचेही तसेच आहे. बारीक मातीखाली एकदम मोठी खडी आली की माती आपले पाणी खडीला सहज देत नाही. खडीच्या वरचा वीतभर थर गोधडीच्या काठासारखा गच्च राहतो. तो पुरता भरला, की मगच पाणी खडीत टपकते.

आणि खडीत पडलेले पाणी पुढे कुठे जाणार? खाली कोबा, बाजूला भिंत. खडीच्या पोकळ्या भरतात आणि पाणी पुन्हा वर मातीत चढते. खडी म्हणजे निचरा नव्हे. ती नुसती पाणी साठायची जागा झाली. शिवाय खडीने वीतभर जागा खाल्ली, म्हणजे मुळांना माती तेवढी कमी. खडीचा उपयोग एवढाच, की बाहेर काढणाऱ्या नळीच्या तोंडाशी माती बसू नये. नळीच नसेल तर खडी नको.

शंकराच्या देवळात पिंडीवर अखंड धार चालते, तरी गाभाऱ्यात पाणी साठत नाही, कारण पन्हळीतून ते बाहेर जाते. पाणी किती येते यापेक्षा त्याला जायला वाट आहे का, हे महत्त्वाचे.

आधी तीन गोष्टी तपासा

हे काम मार्च ते मे या महिन्यांत करावे.

१) फरशीचा उतार. गोठा रिकामा करून झाडून घ्या. दहा बादल्या पाणी फरशीवर ओता. पाणी कुठे धावते, कुठे थांबते ते पाहा आणि थांबेल तिथे कोळशाने खूण करा. जुन्या जाणत्या गवंड्याने बांधलेला गोठा असेल, तर फरशीला मुताच्या नालीकडे उतार ठेवलेला असतो. हा उतार म्हणजे वाडवडिलांनी तुमच्यासाठी करून ठेवलेले अर्धे काम. तो बुजवू नका.

२) खालची जमीन. फरशीचा एक तुकडा फोडा. खाली फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर खोल खड्डा घ्या. पाण्याने भरा आणि जिरू द्या. पुन्हा भरा आणि घड्याळ लावून, काठीला खूण करून तासाभरात पाणी किती उतरले ते मोजा. तासाला एक इंच किंवा जास्त उतरले तर जमीन पाणी पिते. अर्ध्या इंचापेक्षा कमी उतरले तर खाली काळी चिकण, दबलेली माती किंवा कातळ आहे असे समजा. मधले आले तर वाईटच धरून चाला, कारण जुलैत जमीन आणखी मंद होते.

३) पावसाळ्यातली पाण्याची पातळी. जवळच्या विहिरीचे पाणी ऑगस्टमध्ये किती वर येते, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. विहीर तोंडापाशी, तीन-चार हातांवर भरत असेल तर जागा सखल आहे. तिथे फरशी फोडली तर पाणी खाली जाणार नाही, उलट खालून वर येईल. ही गोष्ट पुष्कळ जण विसरतात.

पहिली रीत : तळ फोडणे

जागा उंचावर आहे, विहिरीचे पाणी पावसाळ्यातही खोल राहते आणि खड्ड्याची परीक्षा चांगली आली, तर ही रीत उत्तम.

पहार आणि घण घेऊन शक्यतो सगळा कोबा काढून टाका. सगळा निघत नसेल, तर प्रत्येक झाडाच्या जागी दीड फूट लांब-रुंद खिडकी फोडा आणि सर्वांत सखल रेषेवर फूटभर रुंद सलग चर फोडा. पहारीने चार बारीक भोके पाडून भागत नाही. ती एका पावसाळ्यात गाळाने बुजतात.

फरशीखालची जमीन टिकावाने फूटभर खणून मोकळी करा. हे महत्त्वाचे आहे. गुरांच्या वजनाने ती विटेसारखी दबलेली असते. फरशी काढली पण जमीन खणली नाही, तर खाचराचा तळ तसाच राहिला.

खणताना वरची सहा इंच माती काळपट, उग्र वासाची किंवा पांढरी फूल आलेली दिसली, तर ती काढून टाका. त्या मातीत वर्षानुवर्षे मुरलेल्या मुताचे क्षार असतात. पूर्वी आपल्या देशात गोठ्यांच्या अशाच मातीतून सोरा काढत असत, यावरून काय ते समजा. एवढे क्षार कोवळ्या मुळांना जाळतात. ती माती फेकू नका. शेतात पातळ पसरा किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात थोडी थोडी टाका, तिथे तिचे खतच होईल.

दुसरी रीत : तळ ठेवून बाजूने वाट

जागा सखल आहे, खाली कातळ आहे किंवा कोबा फारच जाड आहे, तर फोडण्याच्या भानगडीत पडू नका. वाफा उंच करा आणि पाणी बाजूने काढा.

मुताची नाली साफ करून मोकळी करा. तिच्यावर शहाबादी फरशीचे तुकडे किंवा भाजलेल्या विटा मधे बोटभर फट ठेवून मांडा. वर मूठभर आकाराची खडी, तिच्यावर बारीक खडी आणि मग माती. म्हणजे माती नालीत उतरणार नाही. नाली नसेल, तर सर्वांत सखल कोपऱ्यातून तीन किंवा चार इंची पी.व्ही.सी. नळी तळाला लागून बाहेर काढा. आतल्या तोंडाला तारेची जाळी बांधा आणि भोवती दोन घमेली खडी टाका. बाहेरचे तोंड मोकळे आणि डोळ्यांसमोर राहील असे ठेवा. जे दिसत नाही ते साफ होत नाही.

उतार किती? शंभर फुटांना एक फूट. म्हणजे वीस फुटांच्या गोठ्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच इंच पुरे. अंदाजाने ठरवू नका. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी पातळी पाहतो तशी पाहा. नळी उताराच्या उलट बसली तर ती नसल्यासारखीच.

या रीतीत माती किमान दोन फूट भरा. कारण गोधडीच्या काठाची गोष्ट आठवा : तळाचा चार-सहा इंचांचा थर ओला राहणारच. त्याच्या वर मुळांना सव्वा-दीड फूट कोरडी, हवेशीर जागा मिळाली पाहिजे.

बाहेर काढलेले पाणी सोडायचे कुठे?

हा प्रश्न आधी सोडवा, मग पहार उचला. पाणी घराच्या पायाकडे नको, शेजाऱ्याच्या अंगणात नको, वाटेवर नको आणि विहिरीकडे तर मुळीच नको. खताचे पाणी विहिरीत उतरले तर घरात आजार येतील. शेजाऱ्याच्या अंगणात गेले तर काय येईल, ते तुम्हाला माहीतच आहे!

शोषखड्डा उन्हाळ्यात चांगला चालतो, पण जुलैत तोच भरून बसतो. म्हणून शक्यतो उघडी नाली काढून पाणी शेताकडे न्या. वाटेत अळू आणि केळी लावा. या दोघांना ओले पाय चालतात. खताचे पाणी फुकट जात नाही आणि घरात वडीला पाने होतात. नालीत किंवा खळग्यात पाणी आठवडाभर तुंबू देऊ नका. तेवढ्या दिवसांत अंड्यांचे डास होतात आणि डेंग्यू-मलेरियाला आमंत्रण मिळते.

छप्पर, भिंत आणि घराचे जोते

छप्पर उतरवताना जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते फोडू नका. अशा पत्र्यांत बहुधा अॅस्बेस्टॉस असते; त्याची धूळ छातीत गेली तर फुप्फुसाचे असाध्य आजार होतात. पत्रे पाण्याने भिजवून, नाकातोंडावर बारीक धूळ रोखणारा मास्क लावून (नुसते फडके पुरत नाही), अख्खे उतरवा. त्यांचे तुकडे वाफ्याच्या भरावात घालू नका. जुने वासे आणि खुंटेही मातीत पुरू नका. वाळवीला घर मिळेल.

गोठा घराच्या भिंतीला लागून असेल, तर भिंत आणि वाफा यांत दीड-दोन फुटांची मोकळी वाट ठेवा. वाफ्याची माती घराच्या जोत्यापेक्षा उंच नको. नाहीतर फुलांचा निचरा होईल आणि ओल घरात येईल. छपराच्या वळचणीला पत्र्याची किंवा नळीची पन्हळ लावा आणि ते पाणी वाफ्याच्या बाहेरून काढा. मघाशी सांगितलेली दुसरी अकरा पिंपे आठवा. एका पन्हळीने अर्धे संकट टळते.

गव्हाणीची जुनी भिंत माती धरायला वापरणार असाल, तर दर चार फुटांवर तळाशी मनगटाएवढे भोक ठेवा. २४० चौरस फुटांत दीड फूट माती म्हणजे ३६० घनफूट, साडेतीन ब्रासच्या वर. ही माती पावसात भिजली की १८ ते २० टन भरते. चार इंची जुनी भिंत एवढ्या भाराने फुगते आणि एखाद्या रात्री बसते. भिंत कच्ची असेल तर काठाशी माती उतरती ठेवा किंवा बाहेरून दगडाचा आधार द्या.

माती कोणती भरावी?

खाचरातली माती आणू नका. ती चिखलणीची माती. वाळली की ढेकूळ, भिजली की लोणी. माळावरची तांबूस, भुसभुशीत माती दोन घमेली, चांगले कुजलेले शेणखत एक घमेले आणि भरड वाळू किंवा दगडाचा बारीक चुरा एक घमेले, असे मिश्रण करा. भाताचे काळे केलेले तूस मिळाले तर थोडे मिसळा, माती हलकी राहते. खाडीची वाळू नको, तिच्यात मीठ असते. चिकण मातीत मूठभर वाळू मिसळून काही होत नाही. उलट ती विटेच्या गाऱ्यासारखी घट्ट बसते.

पाडलेल्या गोठ्याचा चुना आणि सिमेंट वेचून काढा. वीटभट्टीची राखही घालू नका. यांनी माती चुनखडीसारखी होते आणि मोगऱ्याची नवी पाने पिवळी पडतात. वालधुनीच्या काठचा गाळ काळा आणि सुपीक दिसतो, पण त्या नदीत सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी मिसळते. तो गाळ आणि ते पाणी, दोन्ही वाफ्याला वापरू नका.

माती एकदम सपाट भरू नका. मधे उंच आणि कडांना उतरती, कासवाच्या पाठीसारखी ठेवा. पहिल्या पावसाने ती दोन-तीन इंच बसेल, त्याची भर आधीच घाला.

लावणी

पहिल्या पावसाळ्यात मोगरा लावण्याची घाई करू नका. आधी झेंडू लावा. दसऱ्याच्या साधारण दोन महिने आधी रोपे लावली की सणाला फुले हाती येतात. त्याचा खरा फायदा असा, की पावसाळाभर तुमच्या वाफ्याची परीक्षा होते. झेंडू जिथे पिवळा पडेल तिथे पाणी थांबते आहे, हे समजेल. ती जागा सुधारा. मग सप्टेंबरअखेर, माती बसल्यावर, चार-चार फुटांवर मोगरा लावा. २० बाय १२ च्या जागेत पाच-पाचच्या तीन ओळी, म्हणजे पंधरा झाडे बसतात. पुढे झाडे वाढल्यावर डिसेंबर-जानेवारीत छाटणी करत जा, म्हणजे उन्हाळ्यात बहर मिळेल.

एक मात्र ध्यानात ठेवा. ज्या वाफ्यातून पाणी लवकर जाते, तो उन्हाळ्यात लवकर वाळतो. म्हणून ऑक्टोबरनंतर भाताच्या पेंढ्याचे आच्छादन घाला आणि पाणी बेताने, पण नेमाने द्या. उन्हाळ्यात ओल राहावी म्हणून नळी बुजवू नका. बुजवलेली नळी मृगात उघडायची आठवण राहत नाही.

श्रोत्यांनी विचारलेले प्रश्न

प्रश्न : झाड सुकले आहे. तहान लागली की बुडाले, कसे ओळखावे?
उत्तर : बोट किंवा काडी वीतभर मातीत घाला. माती कोरडी असेल तर तहान. माती ओली आणि तरी पाने लोंबलेली, खालची पाने पिवळी, वास कुबट, तर बुडाले आहे. तेव्हा पाणी बंद करा, नळीचे तोंड मोकळे करा आणि झाडापासून दीड फुटावर चर काढून पाणी उतरवा. शेंड्याची नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर बहुधा चुन्याचा दोष आहे.

प्रश्न : उल्हासनगरच्या बाजूला आमच्या परसात जुन्या लष्करी बराकीचे जोते आहे. ते फोडावे का?
उत्तर : दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या या बराकी. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित राहिले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर नाव मिळाले. असले जोते पक्के असेल तर फोडण्यात मजुरी वाया घालवू नका. दुसऱ्या रीतीने उंच वाफा करा, बाजूने दोन नळ्या काढा. जोते आधीच जमिनीपासून उंच असेल, तर तुमचा निचरा सोपाच आहे.

प्रश्न : गोठा नाही, पण परसात जुना पाण्याचा हौद आहे. त्याचा वाफा होईल का?
उत्तर : होईल, पण हौद पाणी धरण्यासाठीच बांधलेला असतो, म्हणून जास्त जपावे लागते. तळाला सखल बाजूला वीतभर लांब-रुंद भोक फोडा. जमिनीत पुरलेला हौद असेल आणि ती जागा पावसाळ्यात पाणथळ असेल, तर फुलांचा नाद सोडा. त्यात कमळ नाहीतर अळू लावा, आणि कमळाच्या पाण्यात डास खाणारे गप्पी मासे सोडा.

दरवर्षीचे काम

मृगाच्या आधी नळीत काठी घालून ती साफ करा आणि दोन बादल्या पाणी ओतून ते बाहेर येते का पाहा. पन्हळीतला पालापाचोळा काढा. बसलेल्या मातीवर दोन घमेली मिश्रण टाकून कासवाची पाठ पुन्हा करा. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन दहा मिनिटे वाफ्यापाशी उभे राहा. पाणी कुठून येते आणि कुठून जाते, हे त्या दहा मिनिटांत जेवढे कळते तेवढे कोणत्याही पत्रकात लिहिता येणार नाही.

लक्षात ठेवा

१) आधी पाण्याची वाट, मग माती, मग झाड.
२) उंच जागेत तळ फोडा, सखल जागेत वाफा उंच करून बाजूने वाट काढा.
३) बाहेर वाट नसेल तर खडीचा उपयोग नाही.
४) छपराचे पाणी वाफ्यात नको.
५) वाफ्याची ओल घरात नको, वाफ्याचे पाणी विहिरीत नको.

त्या काकूंचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. पुढच्या मे महिन्यात मी स्वतः पहार घेऊन गेलो. खडी उपसली, कोबा फोडला, खालची जमीन खणली. काम चालू असताना काकू म्हणाल्या, "साहेब, हे आधीच विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं. पाणी सोडायचं असलं की आम्ही बांधाला खांड पाडतो." खरेच होते. पाण्याचे शहाणपण त्यांच्यापाशी होते. मी ते विचारले नव्हते. नवी पंधरा रोपे लावली, त्यांतली चौदा जगली. आता उन्हाळ्यात काकूंच्या सुनेचे गजरे सकाळच्या गाडीला स्टेशनावर पोहोचतात.

तुमच्या परसातल्या जागेविषयी शंका असेल तर तालुका कृषी कार्यालयात येऊन विचारा. येताना जागेची लांबी-रुंदी, खड्ड्याच्या परीक्षेत तासाला किती इंच पाणी उतरले तो आकडा आणि विहीर ऑगस्टमध्ये किती भरते, एवढे लिहून आणा. म्हणजे तुमच्या जागेला कोणती रीत योग्य, ते नीट सांगता येईल.